टाकीच्या तोंडावर बसलेला माणूस

तुम्हा दोघांना मी एरवी इंग्रजीत लिहिते. मिशनच्या शाळेत शिकले, पुढे जन्मभर इंग्रजीच शिकवलं, त्यामुळे मला ते जड नाही आणि तुम्हाला सोयीचं पडतं. हे मात्र मराठीत लिहिते आहे. यात जो जो कोणी बोलला तो मराठीत बोलला, आणि त्यातला खवचटपणा इंग्रजीत नेला तर वाटेतच त्याची धार जाईल. अडेल तिथे तुमच्या बाबाकडून वाचून घ्या. त्यालाही यातलं सगळं ठाऊक नाही.

आत्ता लिहायचं कारण तुमचा गेल्या आठवड्यातला फोन. "आजी, आजोबांनी एका माणसाला मरू दिलं का?" असं तू विचारलंस. मागून तुझी बहीण "शू, शू" करत होती ते मला ऐकू आलं. मी नाही म्हटलं आणि तुमच्याकडे बर्फ पडला का ते विचारलं. तू सरळ विचारलंस, उत्तर मात्र मी सरळ दिलं नाही. फोनवर दोन वाक्यांत सांगता येईल असं ते नाही, आणि दोन वाक्यांत सांगणारे लोक आधीच पुष्कळ आहेत. त्यांचीच दोन वाक्यं तुझ्यापर्यंत पोचली आहेत.

तू जो व्हिडिओ पाहिलास तो आमच्या सोसायटीच्या निरोप समारंभाचा. बिबवेवाडीतल्या आपल्या इमारती आता पाडायला घेतल्या आहेत. नवीन उंच इमारती होईपर्यंत सगळे पांगले आहेत. मी इथे खराडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे, खिडकीतून काचेची ऑफिसं दिसतात, ओळखीचं कोणी नाही. त्याचं मला दुःख नाही. ओळखीच्या लोकांत राहून पाहिलं आहे.

आधी तुमचे आजोबा कसे होते ते सांगते. तुम्हाला ते व्हिडिओ कॉलवर हसणारे आजोबा म्हणून आठवतात. बाहेर ते फारसे हसत नसत. एका रसायनांच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. तरुणपणी, साधे सुपरवायझर असताना, त्यांच्या समोर एक अपघात झाला होता. एक माणूस रिकामी टाकी धुवायला आत उतरला आणि पडला. त्याला काढायला त्याचा मित्र उतरला, तोही पडला. त्या दोघांना काढायला तिसरा. टाकीत गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. तिघंही हवेनं मेले. त्या दिवशी हे घरी आले ते बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात येऊन बसले आणि म्हणाले, "पहिला चुकून मेला. बाकीचे दोघं प्रेमानं मेले."

त्यानंतर त्यांनी सुरक्षेचं काम मागून घेतलं. टाकीत, भुयारात, बंद खड्ड्यात कोणी उतरणार असेल तर आधी लेखी परमिट काढायचं, आतली हवा यंत्रानं तपासायची, पंखा लावून बाहेरची हवा आत सोडायची, उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि पट्ट्याला दोर, आणि तोंडाशी एक माणूस उभा. आत काहीही झालं तरी त्या माणसानं जागा सोडायची नाही आणि आत उतरायचं नाही. दोर ओढायचा, आरडाओरडा करायचा, मदत बोलवायची, पण उतरायचं नाही. या कामासाठी माणूस ते स्वतः निवडत. "घाबरट नको," म्हणत, "आणि शूर तर मुळीच नको."

निवृत्त झाल्यावर हे सगळं त्यांनी सोसायटीत आणलं, आणि तिथे ते हास्यास्पद झालं हे मी कबूल करते. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला कुलूप लावायला त्यांनी लावलं. जिन्यातल्या सायकली काढायला लावल्या. सोसायटीच्या बैठकीत ते बोलायला उठले की लोक घड्याळाकडे बघत. मंडईतून पिशवी घेऊन येताना कोणीतरी हमखास विचारी, "काय काका, भेंडी आणायचं परमिट काढलंत ना?" हे थांबून शांतपणे उत्तर देत, "भेंडीला लागत नाही." त्यांना थट्टा कळत नसे असं नाही. थट्टेला उत्तर देण्यात वेळ घालवायचा नाही, एवढंच.

त्या वर्षी आमची जमिनीखालची पाण्याची टाकी गळायला लागली. इमारतींच्या मधल्या अंगणात ती होती, वर चौकोनी लोखंडी झाकण, एका वेळी एक माणूस जेमतेम शिरेल एवढं. आत भिंतीला लोखंडी शिडी. ठेकेदारानं आतून नवीन लेप दिला आणि सांगितलं, वाळू द्या, मग पाणी सोडा. पण श्रावण लागला होता. दिवसभर बारीक पाऊस, हवेत ओल, लेप काही वाळेना. टँकरचं पाणी येत होतं, ते बादल्यांनी चढवून लोक वैतागले होते. गणपती जवळ आले होते. घरोघरी पाहुणे येणार, आणि नळ कोरडे.

सोसायटीचे अध्यक्ष तळमजल्यावर राहत. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि शेजारच्याच फ्लॅटमध्ये त्यांचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि लहान मुलगी. दोघं भाऊ एकाच स्कूटरवर दुकानात जात, एकाच डब्यात जेवत. असं प्रेम मी कमी पाहिलं आहे. हे मी त्यांच्यावर रागावून लिहिते आहे, म्हणून हेही लिहायला हवं. माणूस वाईट नव्हता. घाईत होता.

अध्यक्षांनी तोडगा काढला. लग्नाची जेवणं करणाऱ्या एका आचाऱ्याकडून दोन मोठ्या शेगड्या आणल्या, त्यांत लोणारी कोळसा पेटवला, साखळीनं टाकीत सोडल्या, आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून झाकण जवळजवळ लावून घेतलं. सकाळी शेगड्या साखळीनंच वर ओढल्या. लेप खडखडीत वाळला होता. सगळे खूश.

पाणी सोडण्याआधी पूजा करायची होती. नव्या किंवा दुरुस्त केलेल्या टाकीत पाणी सोडताना तळाशी हळदकुंकू वाहायचं, दिवा लावायचा, नारळ ठेवायचा, हे बऱ्याच घरांत करतात. तुम्हाला ते विचित्र वाटेल. मला त्यात काही गैर वाटत नाही, आपण पाणी पितो त्या जागेला नमस्कार केला तर बिघडत नाही. ती पूजा झाकणावरही करता आली असती. पण अध्यक्षांच्या गावी विहिरीच्या तळाशी उतरून पूजा करत, म्हणून इथेही तळाशीच. धाकटा भाऊ अंगानं हलका, तो उतरणार असं ठरलं. त्यानं आंघोळ करून नवा कुर्ता घातला होता. त्याच्या बायकोनं ताट तयार केलं. मुलगी टाळ्या वाजवत होती.

आम्ही दोघं खाली गेलो तेव्हा वीसेक माणसं जमली होती. हे टाकीकडे बघत होते. मग त्यांची नजर कोपऱ्यात ठेवलेल्या शेगड्यांवर गेली. राखेत अजून धग होती.

"या आत ठेवल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"रात्रभर," अध्यक्ष म्हणाले. "बघा हात लावून, भिंत कशी झालीये."

"मग आज कोणी उतरायचं नाही. झाकण उघडं ठेवा, पंखा लावून हवा आत सोडा. फायर ब्रिगेडला फोन करून हवा तपासून घ्या. उद्या करा पूजा."

"अहो काका, उद्या कसं? मुहूर्त आजचा आहे. आणि देवाच्या कामाला कसलं आलंय परमिट!"

लोक हसले. हे म्हणाले, "कोळशाच्या धुरात असा वायू असतो की त्याला वास नाही, रंग नाही. आत साठलेला असेल. माणूस चार श्वासांत पडतो."

"वास नाही, रंग नाही, म्हणजे देवच की!" मागून कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

अध्यक्षांना मात्र यांचं बोलणं अगदीच टाकवेना, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते म्हणाले, "थांबा, काकांची शंका फेडू. आमच्या गावी विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतात. कंदील विझला तर उतरायचं नाही. नाही विझला तर हवा चांगली." घरातून कंदील आला. दोरीला बांधून टाकीत सोडला. सगळे वाकून बघायला लागले. कंदील तळाला टेकला आणि छान जळत राहिला. टाकीच्या नव्या भिंती पिवळ्या दिसायला लागल्या. एकदोघांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा काका. जळतोय."

"दिव्याला लागते तेवढी हवा आहे," हे म्हणाले. "कोळशाच्या वायूत दिवा जळत राहतो आणि माणूस मरतो. तुमच्या विहिरीतला वायू वेगळा, हा वेगळा. विहिरीच्या वेळी कंदील खरं बोलतो. इथे तो काहीच सांगत नाही."

हे इतकं सोपं होतं. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि मला समजलं. तिथे इंजिनिअर होते, बँकेतले लोक होते, एक शाळेचे मुख्याध्यापक होते. सगळ्यांनी कंदील जळताना पाहिला होता आणि डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना पुरेसं होतं. शिवाय तो जुना उपाय होता, वाडवडिलांचा. वाडवडिलांनी सांगितलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं एकत्र आलं की आपल्या लोकांना कोणी थांबवू शकत नाही.

हे मग वर घरी जाऊन दोर घेऊन आले. चांगला जाड, पिवळा नायलॉनचा दोर. धाकट्याला म्हणाले, "उतरणारच असशील तर हा छातीला बांध. टोक मी धरतो."

धाकटा हसला. ताट हातात घेऊन तो झाकणाशी बसला होता. "काका, मी काय बकरा आहे का दोर बांधायला?"

"बांध रे."

"कुर्त्यावर डाग पडेल हो. पाचव्या मिनिटाला वर येतो, चहा पाजा मला."

त्याच्या बायकोनंही "बांधून घ्या ना" म्हटलं होतं. ते फक्त मी आणि तिनंच ऐकलं. तो एका हातात ताट, एका हातात शिडी धरून उतरला. तळाला पोचला, ताट खाली ठेवलेलं ऐकू आलं. मग त्यानं वर बघून काहीतरी म्हटलं, "गरम आहे" असं असावं. नंतर तो हळूच भिंतीला टेकून बसला, जसं दमलेलं माणूस बसतं. अध्यक्षांनी हाक मारली. दुसरी हाक मारली. तो एका अंगावर कलंडला. कंदील त्याच्या शेजारी तसाच जळत होता.

अध्यक्ष शिडीकडे धावले. एक पाय आत गेलासुद्धा. तुमच्या आजोबांनी त्यांना मागून कमरेला मिठी मारली, ओढून बाहेर पाडलं, आणि स्वतः टाकीच्या तोंडावर जाऊन बसले. मांडी घालून, पूर्ण तोंड झाकून. साठी उलटलेला, किडकिडीत, चष्मा लावणारा माणूस. आणि ओरडले, "फायर ब्रिगेडला फोन! पंखा आणा! कोणी उतरणार नाही!"

पुढचं मला लिहायला आवडत नाही. अध्यक्षांनी त्यांना मारलं. गुद्द्यांनी, लाथांनी. "सोडा, माझा भाऊ आहे, सोडा मला!" चष्मा फुटला. ते हलले नाहीत. आणखी दोघांनी त्यांचे हात धरून ओढायला सुरुवात केली, त्यांच्यात मुख्याध्यापकही होते. मी मुख्याध्यापकांच्या शर्टाला धरून त्यांना मागे खेचत होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी शिवी दिली. हे फक्त एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आणखी एक नाही. आणखी एक नाही."

फाटकाशेजारी एका मुस्लिम कुटुंबाचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं कुटुंब, आमच्या सगळ्यांच्या खिडक्यांच्या जाळ्या त्यांनीच केलेल्या. त्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे भाईजान म्हणत, आरडाओरडा ऐकून आले. त्यांनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा शेगड्यांकडे पाहिलं, आणि दुकानातून भट्टीचा ब्लोअर आणि रबरी पाइप उचलून आणला. "काका, जरा सरका, पाइप घालू दे." हे पाइपापुरते सरकले, पुन्हा बसले. ब्लोअरनं आत हवा जायला लागली. फायर ब्रिगेड आली तेव्हा त्यांच्यातला एक जण पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा लावून उतरला. तेव्हा हे उठले. यांच्याच पिवळ्या दोरानं धाकट्याला वर काढलं. तो गेला होता.

फायर ब्रिगेडचे प्रमुख निघताना यांच्याजवळ आले. म्हणाले, "तुम्ही बसला नसता तर आज आम्हाला तीन-चार जणांना दोरानं वर काढावं लागलं असतं." हेही फक्त मी ऐकलं. त्या दिवशी खरं जे जे बोललं गेलं ते बायकांनीच ऐकलं.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये कळलं की यांची बरगडी मोडली आहे. तक्रार करायची का असं पोलिसांनी विचारलं. हे म्हणाले, पडलो.

शोकसभेत मुख्याध्यापक बोलले. भावासाठी मृत्यूच्या मुखात उडी घ्यायला निघालेला भाऊ, रामाचा लक्ष्मण आणि लक्ष्मणाचा राम, असं पुष्कळ. ज्या उडीपासून तुमच्या आजोबांनी त्या माणसाला वाचवलं, त्या उडीचा हार त्याच्या गळ्यात पडला. शेवटी ते म्हणाले, "काहींना नियम मोठे असतात, काहींना माणूस." नाव घेतलं नाही. पुण्यात नाव घ्यायची पद्धत नाही, सगळ्यांनी फक्त मान वळवून बघायचं असतं.

शेगड्यांचं कोणी बोललं नाही. कंदिलाचं तर नाहीच. थोड्या दिवसांत गोष्ट अशी झाली: धाकटा पूजा करायला उतरला, चक्कर येऊन पडला, भाऊ वाचवायला निघाला, आणि काका दोर हातात घेऊन टाकीवर बसून राहिले, कोणाला उतरू दिलं नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. म्हणूनच ही गोष्ट खोडता येत नाही.

त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं कोणाकडूनच आलं नाही. तिळगुळाची पुडी वॉचमनच्या हाती आली. यांना लिफ्टमध्ये पाहिलं की लोक म्हणत, "या काका, तुम्ही आधी. सुरक्षित आहे ना बघून घ्या." भेंडीच्या परमिटाची थट्टा होती, तिच्यात तरी ऊब होती. ही थंड होती.

मी यांना म्हटलं, बैठकीत उठून एकदा सगळं सांगा. मी लिहून देते, वाचून दाखवा. हे म्हणाले, "त्याचा भाऊ गेलाय. शेगडी त्यानं आणली. ते त्याला माहीत आहे. आता राग त्यानं स्वतःवर ठेवायचा की माझ्यावर? माझ्यावर ठेवू दे. माझ्याकडे जागा आहे."

त्यांच्याकडे असेल. माझ्याकडे नव्हती. त्यांच्या या मोठेपणाचा मला अजून राग येतो. मोठेपणा एकट्यानं करता येत नाही, त्याचा अर्धा भार घरातल्या दुसऱ्या माणसावर पडतो, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. जिन्यात मान खाली घालून चढायचं मी शिकले ते उतारवयात.

एकदाच, त्या घटनेला बराच काळ लोटल्यावर, अध्यक्षांच्या पत्नी मला जिन्यात एकट्या भेटल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "काकू, काकांमुळे माझं कुंकू राहिलं. पण हे मी घरात बोलू शकत नाही हो." मी म्हटलं, "मग बाहेर बोला." त्यांनी हात सोडला. जिन्यात बोललेलं जिन्यातच राहिलं.

भाईजान मात्र येत राहिले. संध्याकाळी दुकान बंद करून ते आमच्याकडे चहाला बसत. दोघं क्रिकेटवर भांडत. त्या दिवसाचा विषय दोघांनी कधी काढला नाही. तुमचे आजोबा गेले तेव्हा खांदा द्यायला इमारतीतले मोजकेच आले. भाईजान दोन मुलांना घेऊन आले होते.

आता तो व्हिडिओ. अंगणात मांडव होता, बटाटेवडे होते, माईक होता. टाकीच्या झाकणावरच व्यासपीठ घातलं होतं. मुद्दाम नसेल, सपाट जागा तीच होती. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आता त्यांचे केस पांढरे झाले आहेत. इतक्या वर्षांच्या आठवणी सांगून झाल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी मला सोडलं असतं, तर माझा भाऊ आज इथे पहिल्या रांगेत बसला असता." टाळ्या झाल्या. लोकांनी डोळे पुसले. तू इथपर्यंत पाहिलंस.

त्यानंतर मी उठले. ते तुझ्या व्हिडिओत नाही, तिथेच तो कापलेला आहे. मी काही ठरवून गेले नव्हते. माईकची मला गरज पडत नाही, जन्मभर वर्गात शिकवलं आहे. मी म्हटलं, "अध्यक्ष, तुम्हाला सोडलं असतं तर आज हे भाषण कोणी केलं असतं?"

वड्याच्या कढईचा आवाज येत होता. अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं तोंड उघडं होतं आणि एक क्षण मला वाटलं, हा माणूस आता बोलणार. मग मागून एक बाई म्हणाल्या, "काकू, आजच्या दिवशी कशाला ते?"

"कुठल्या दिवशी चालेल ते सांगा, त्या दिवशी येते," मी म्हटलं.

अध्यक्षांच्या पत्नी दुसऱ्या रांगेत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या, गुंडाळत आणि सोडत. वर पाहिलं नाही. धाकट्याची बायको आली नव्हती. ती त्या वर्षीच मुलीला घेऊन माहेरी गेली, ते परत आलीच नाही. ती असती तर तिनं काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. यांच्याखेरीज दोर बांधून घ्या असं म्हणणारी ती एकटीच होती.

मी वडा न खाता घरी आले.

तू विचारलंस, आजोबांनी एका माणसाला मरू दिलं का. एक माणूस मेला, हे खरं. तो उतरला तेव्हाच, कंदिलाच्या उजेडात, वीस शहाण्या माणसांच्या समोर मेला. तुझ्या आजोबांनी त्याला थांबवायला जे करता येण्यासारखं होतं ते केलं आणि हरले. त्यानंतरचा माणूस मात्र त्यांनी मरू दिला नाही. जो मेला त्याचं नाव सगळ्यांना पाठ आहे. जो मेला नाही त्याच्याबद्दल कोणी आभार मानत नाही, कारण न घडलेल्या मरणाला फोटो नसतो आणि हारही घालता येत नाही. तुम्ही तरी ते लक्षात ठेवा. यापेक्षा जास्त मी तुमच्याकडून मागत नाही.

पुढच्या महिन्यात टाकी फोडतील. यांचा चष्मा मी टाकून दिला. पिवळा दोर पोलिसांनी नेला तो परत आलाच नाही. अध्यक्ष आहेत. वाघोलीला मुलीकडे राहतात, रोज सकाळी नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडतात. मागच्या आठवड्यात मी त्यांना रस्त्यात पाहिलं. तब्येत चांगली आहे. त्यांनी मला पाहिलं आणि रस्ता ओलांडला.